यशवंतपूरची चांदी : जुने नाणे खरे कसे ठरते?

मराठी मंडळींनी बेंगळूरचा इतिहास सांगावयास घेतला की तो बहुधा शहाजीराजांपासून सुरू होतो. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडांचा किल्ला घेतला, शहाजीराजे येथे येऊन राहिले, आणि पुढे १६८७ साली तीन लक्ष रुपयांच्या बोलीने हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. हा इतिहास आपल्या जिव्हाळ्याचा आहे आणि तो पुनःपुन्हा सांगितला जाणे स्वाभाविकही आहे. परंतु या शहराच्या मातीत त्याहून सोळाशे वर्षे जुनी अशी एक गोष्ट पुरलेली होती, आणि ती वर आली ती रेल्वेच्या खोदकामात. तिचा वृत्तान्त मराठी वाचकांसमोर फारसा आलेला नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात चांदीविषयी लिहिणे काहींना विचित्र वाटेल. परंतु विषय चांदीचाच आहे.

१८९१ साली यशवंतपूरजवळ लोहमार्गाचे काम चालू असता मातीतून चांदीची १६३ नाणी निघाली. ती ना म्हैसूरची होती, ना विजयनगरची, ना कंपनी सरकारची. त्यांवर ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस अशा रोमन सम्राटांची मस्तके होती. पुढे १९६५ साली शहराच्या पूर्वेस एच. ए. एल. विमानतळाच्या परिसरात मडक्यात भरलेली अशीच २५६ रोमन नाणी सापडली. बेंगळूर हे नाव ज्यात प्रथम आढळते तो बेगूरचा वीरगळ सुमारे इ. स. ८९० चा मानला जातो, आणि क्लॉडियसचा राज्यकाल इ. स. ४१ ते ५४ असा आहे. म्हणजे गावाला नाव मिळाल्याची पहिली नोंद होण्याच्या आठशे वर्षे आधीपासून रोमची चांदी या मातीत येऊन पडलेली असणे शक्य आहे. आज यशवंतपूरला गाडीत चढणारे आपण सारे त्या मातीवरूनच जातो.

ही माहिती कोणास सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ती नाणी खरी होती हे कशावरून? प्रश्न रास्त आहे. अलीकडे तर तो वरचेवर ऐकू येतो, कारण धातूचा शोध घेणारी यंत्रे, ज्यांना सर्रास मेटल डिटेक्टर म्हणतात, ती आता हौशी माणसांच्या हाती आली आहेत. शेतात, पडक्या वाड्याच्या जोत्यात, नव्या घराच्या पायात काही तरी 'वाजते', एक काळवंडलेली चकती निघते, आणि ती घेऊन मंडळी सराफाकडे धाव घेतात. सराफ ती चांदी आहे की नाही हे सांगू शकतो. ती *नाणे* आहे की नाही हे सांगणे हा निराळाच व्यवहार आहे. चांदी खरी आणि नाणे खोटे, किंवा नाणे खरे आणि चांदी खोटी, असे दोन्ही प्रकार इतिहासात विपुल आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

आपल्या भाषेने नाणेपरीक्षेचे संस्कार जपून ठेवले आहेत. 'खणखणीत', 'बद्द', 'कस', 'बट्टा', 'चलनी' हे सारे शब्द सराफकट्ट्यावरून घरात आले. आपल्यांतील पोतदार आडनावाच्या कुळांचा मूळ व्यवसायच सरकारी भरण्यात येणारी नाणी पारखून, तोलून घेण्याचा होता. गावगाड्यातही हे काम बहुधा सोनाराकडे असे. त्यापूर्वी कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणाऱ्या 'रूपदर्शक' नामक अधिकाऱ्याचा उल्लेख आहेच. पेशवाईत एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात नेला की बट्टा द्यावा लागे, आणि टांकसाळींचे मक्तेदार हिणकस नाणी पाडतात ही तक्रार कायमची असे. थोरल्या माधवरावांच्या काळात कर्नाटक प्रांतातील खासगी टांकसाळी याच कारणाने बंद करून धारवाडास सरकारी देखरेखीची टांकसाळ नेमल्याची हकीकत न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावरील आपल्या निबंधात दिली आहे. तात्पर्य, खोटे नाणे ही काही आधुनिक काळाची देणगी नव्हे.

मात्र पोतदाराची परीक्षा आणि इतिहासाभ्यासकाची परीक्षा यांत एक मूलभूत अंतर आहे. पोतदारापुढे चालू बाजारातले नाणे असे. अभ्यासकापुढे जमिनीत शतकानुशतके पडून राहिलेले. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नाणे वाजवून पाहण्याची रीत. फरशीवर टाकून खणखणले तर खरे, बद्द वाजले तर खोटे, हे आपल्या आजोबांनी शिकविलेले तंत्र राणीछाप रुपयाला लागू पडत असे. परंतु चांदी फार काळ जमिनीत राहिली की तिच्या कणाकणांमधील जोड क्षीण होतात आणि धातू आतून ठिसूळ बनतो. असे दोन हजार वर्षांचे अस्सल नाणे बद्दच वाजते, आणि फरशीवर आपटले तर त्याचे दोन तुकडेही होतात. उलट काल ओतलेली नक्कल सुरेख वाजू शकते. तेव्हा आजोबांचे तंत्र येथे केवळ निरुपयोगी नव्हे, तर घातक आहे.

तीच गोष्ट स्वच्छतेची. चिंच, राख, लिंबू, दंतमंजन, आणि आता बाजारात मिळणारी चांदी उजळविण्याची द्रावणे यांनी जितकी जुनी नाणी नासली तितकी चोरांनीही नासविली नसतील. मातीतील क्षारांमुळे चांदीवर करडा, कधी जांभळट छटेचा जो थर बसतो तो घाण नव्हे. तो त्या नाण्याचा जन्मदाखला आहे. तो थर धातूतूनच उगवलेला असतो, अक्षरांच्या खाचांत आणि उठावांवर सारख्याच सहजतेने पसरलेला असतो. नक्कल करणारा हा काळेपणा रसायनाने आणतो आणि वर तांबडी माती डिंकाने चिकटवितो. अशी माती खाचांत गच्च भरलेली आणि उठावांवरून पुसलेली दिसते, आणि कोमट पाण्यात ती एकदम सुटते. थर घासून टाकला की हा फरक पाहण्याची सोय राहत नाही.

आता वजनाकडे वळू. रोमन चांदीचे नाणे म्हणजे दिनार. संस्कृतातील आणि पुढे अरबी-फारशीतील 'दीनार' हा शब्द याच लॅटिन शब्दापासून आला. ऑगस्टसच्या काळी एका रोमन रत्तलात ८४ दिनार पाडीत. रोमन रत्तल सुमारे ३२७ ग्रॅमचे, म्हणून एक दिनार सुमारे ३.९ ग्रॅम. वापराने झिजून तो साडेतीन-पावणेचार ग्रॅमवर आलेला असतो. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने एका रत्तलात ९६ दिनार पाडावयास सुरुवात केली, म्हणजे वजन सुमारे ३.४ ग्रॅमवर उतरविले, आणि चांदीतही तांबे मिसळले. आता गंमत अशी की दक्षिण भारतातील चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य असतात आणि नीरोच्या नव्या मापाचा दिनार क्वचितच आढळतो. १८०० साली पोल्लाचीस मिळालेले मडके, कोईमतूरजवळच्या वेल्लालूरचा १८४२ सालचा साठा, आपले यशवंतपूर : सर्वत्र हाच प्रकार. आपल्या व्यापाऱ्यांनी हलके नाणे हातात घेताच ओळखले आणि नाकारले, असा यावरून तर्क करतात. रोमन इतिहासकार टॅसिटस याने जर्मन टोळ्यांविषयीही असेच लिहून ठेवले आहे. त्यांनाही जुने, परिचयाचे नाणेच हवे असे.

याच्याशी जुळणारी एक कथा प्लिनीने दिली आहे. एका रोमन महसूल-मक्तेदाराचा माणूस वाऱ्याने भरकटत सिंहलद्वीपास जाऊन पोहोचला. तेथील राजाने त्याच्याजवळचे दिनार पाहिले. मुद्रा निरनिराळ्या राजांच्या, म्हणजे नाणी निरनिराळ्या काळची. तरी सर्वांचे वजन एक! या एका गोष्टीवरून त्या राजाचे रोमनांच्या सचोटीविषयी अनुकूल मत झाले, असे प्लिनी सांगतो. कथा रोमन माणसाने रोमची थोरवी गाण्यासाठी सांगितली आहे हे उघड आहे. पण राजाने प्रथम काय पाहिले, तर तराजू. हे मात्र पटण्यासारखे आहे.

वजनाच्या जोडीला घनता पाहावी. यासाठी प्रयोगशाळा नको. सोनाराचा मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा, बारीक दोरा आणि पाण्याची वाटी एवढे पुरते. नाणे प्रथम हवेत तोलावे, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडते ठेवून तोलावे. हवेतील वजनास दोन वजनांतील फरकाने भागले की घनता येते. शुद्ध चांदीची घनता १०.५, तांब्याची ९ च्या किंचित खाली, पितळेची साधारण साडेआठ. ३.७० ग्रॅमचा चांगला दिनार पाण्यात सुमारे ३.३४ ग्रॅम भरतो. आत तांब्याचा गाभा असेल तर तो ३.३० च्या आसपास उतरतो. फरक अवघा चार शतांश ग्रॅमचा आहे, म्हणून घरगुती काट्यावर हा प्रयोग करून निर्णय देऊ नये. १८३५ नंतरच्या कंपनीच्या व राणीच्या रुपयाला मात्र तो सुखाने करावा : वजन ११.६६ ग्रॅम, चांदी बारा भागांत अकरा, आणि पाण्यात घट सुमारे १.१३ ग्रॅम. जुन्या घरांच्या पायात सापडणारी चांदी बहुतेक याच रुपयांची असते. मात्र फार जुन्या, मातीने खाल्लेल्या नाण्यात पोकळ्या पडलेल्या असतात आणि घनता कमी येते. तेवढ्यावरून ते खोटे ठरवू नये.

आता यंत्रेही आली आहेत. क्ष-किरण टाकून धातूंचे प्रमाण सांगणारे यंत्र मोठ्या सराफी पेढ्यांतून असते, आणि त्याने दिलेला आकडा लोक वेदवाक्य मानतात. परंतु ते यंत्र पृष्ठभागच वाचते. जमिनीत पडलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातील तांबे कालांतराने झिरपून जाते, मागे चांदी उरते. त्यामुळे हिणकस नाणेही वरवर शुद्ध दिसते. मुलाम्याच्या नाण्याचे तर विचारूच नये.

मग मुलाम्याचे नाणे ओळखावे कसे? त्यासाठी किनार पाहावी. भिंगातून पाहताना बहुतेक जण राजाचा चेहरा पाहतात. अनुभवी माणूस आधी नाण्याची कड पाहतो. ठोकीव नाण्यात तापविलेली चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून घण मारतात. त्या आघाताने धातू बाहेरच्या बाजूस पळतो, कडेला बारीक चिरा पडतात, अक्षरांच्या बाहेरील अंगास धातू ओढला गेल्याच्या सूक्ष्म रेषा दिसतात. ओतीव नकलेत हे काही नसते. तिच्या कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा असतो किंवा तो कानशीने घासल्याच्या खुणा असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टाचणीएवढे खळगे असतात, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. आणखी एक खूण हमखास उपयोगी पडते. हाताने ठोकलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी त्यांचा आकार, ठसा बसलेली जागा, चिरा या सर्व तंतोतंत सारख्या कधीच नसतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर निदान त्यांतले एक दुसऱ्यापासून, किंवा दोन्ही तिसऱ्या कोणापासून, साच्यात ओतलेली आहेत हे निश्चित समजावे.

येथवरच्या कसोट्या आजच्या लबाडीला पुरेशा आहेत. परंतु खरी अडचण पुढे आहे, कारण काही खोटी नाणी स्वतःच दोन हजार वर्षांची आहेत.

रोमन साम्राज्यातच तांब्याच्या चकतीस चांदीचा पत्रा गुंडाळून त्यावर ठसा मारण्याची लबाडी चाले. झिजल्यावर किंवा चिरल्यावर आतले तांबे हिरवे होऊन बाहेर येते. येथे अक्षरे वाचता येतात, चेहरा सम्राटाचाच असतो, काळही तोच. फक्त चांदी खोटी. प्लिनी सांगतो की खोटे दिनार ओळखण्याची कला रोममध्ये इतकी आवडीची झाली होती की चांगला खोटा दिनार अभ्यासासाठी मिळावा म्हणून लोक त्याच्या बदल्यात अनेक खरे दिनार मोजीत! आपल्याकडे याच्या अगदी उलट प्रकार घडला. आंध्र-तेलंगणात, विशेषतः नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्लीच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात, रोमन दिनारांची भारतीय अनुकरणे सापडली आहेत. ठसा कोरणाऱ्या इकडच्या कारागिराला लॅटिन येत नव्हते. त्यामुळे सम्राटाच्या बिरुदांच्या जागी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या अर्थहीन रेघा आल्या आहेत, आणि चेहऱ्याला थोडे देशी वळण मिळाले आहे. परंतु ही नाणी मुलाम्याची लबाडी नव्हेत. ती चांदीचीच आहेत. बाजारात रोमन शिक्क्याला मान होता, म्हणून आपल्या चांदीला त्यांनी रोमन शिक्का दिला, असा अभ्यासकांचा कयास आहे. अशा नाण्याला खोटे म्हणावे काय? रोमच्या टांकसाळीच्या दृष्टीने खोटे, कृष्णा-गोदेच्या खोऱ्यातील व्यापाऱ्याच्या दृष्टीने चालणारे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तर रोमहून आलेल्या नाण्याइतकेच, कदाचित अधिकच, मोलाचे. माझे मत विचाराल तर एका नव्या साठ्यात शंभर अस्सल दिनार आणि पाच देशी अनुकरणे निघाली, तर मी आधी ती पाच हाती घेईन.

पुढचा प्रकार घावांचा. दक्षिणेतील अनेक रोमन नाण्यांवर, विशेषतः सोन्याच्या, सम्राटाच्या मानेवरून किंवा गालावरून छिन्नीचा खोल घाव मारलेला असतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै येथे १८९८ साली ५०१ सुवर्णनाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील बहुतेक नाणी अशी चिरलेली होती. आत तांबे आहे की काय हे पाहण्यासाठी हा घाव मारला, असे एक मत. झिजलेली नाणी चलनातून बाद करण्याची ती खूण, असे दुसरे. परकी राजाची प्रतिमा अपवित्र म्हणून ती छेदली, असे तिसरे. वाद मिटलेला नाही. चांदीच्या नाण्यांवर मात्र सराफांनी उमटविलेले बारीक ठिपके आणि चिन्हे अधिक दिसतात, आणि ती पारखून घेतल्याची खूण असावीत हे बहुतेकांस मान्य आहे. हौशी संग्राहक अशा 'खराब' नाण्याकडे नाक मुरडतो. वस्तुतः भारतात ते चलनात होते याचा तो घाव पुरावा आहे. युरोपच्या बाजारातून आणलेल्या गोंडस दिनारावर तो नसतो.

घावांचे सोडा, एकावर दुसरा शिक्का मारलेल्या नाण्यांची गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा निघाला. पाद्री स्कॉट यांनी त्याचा अभ्यास केला; त्यांच्या मोजणीत नाणी सुमारे १३,२५० भरली. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्य आणि उज्जयिनी-चिन्हाची मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या नाकावर सातवाहनांचा चैत्य, कानाशी अर्धवट राहिलेली ग्रीक अक्षरे, मागच्या बाजूस बाण आणि वज्र यांच्यावर दुसरेच चिन्ह! असे एखादे नाणे एकटेच कोणाच्या हाती लागले असते तर 'दोन राजांची सरमिसळ, म्हणजे नक्कल' असे म्हणून त्याने ते फेकून दिले असते, किंवा आटविले असते. हजारोंच्या संख्येने ते एकत्र मिळाले म्हणून गौतमीपुत्राने नहपानाचे राज्य जिंकून त्याचे चलन आपल्या नावे केले, हा महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पक्का दुवा हाती आला. नाशिकच्या लेण्यांतील लेख क्षहरातांच्या उच्छेदाचे वर्णन करतात. जोगळटेंभीच्या चांदीने त्याला साक्ष दिली.

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. एकट्या नाण्याची परीक्षा केवळ नकार देऊ शकते : वजन जुळत नाही, सांधा दिसतो, बुडबुडे आहेत, म्हणून खोटे. ही सर्व दारे पार करून आलेल्या नाण्यास होकार मिळतो तो बहुतांशी त्याच्या सोबत्यांकडून आणि त्याच्या मातीकडून. यशवंतपूरची १६३ नाणी एकत्र निघाली. कोणत्या राजाची अधिक, कोणत्याची कमी, जुनी झिजलेली आणि नवी कमी झिजलेली, अखेरची नाणी क्लॉडियसच्या काळची, पुढची नाहीत : या सर्वांचा मेळ कोईमतूरकडच्या साठ्यांशी बसतो. लबाडी करणारा एक नाणे घडवील, दहाही घडवील. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून निघून पठारावर येऊन थांबलेल्या एका व्यवहाराची अशी अंतर्गत सुसंगती तो १८९१ सालच्या मजुरांच्या फावड्याखाली कसा ठेवणार? तेव्हा तर या साठ्यांचा तौलनिक अभ्यासही नीट झालेला नव्हता. हेच १६३ दिनार तेव्हा १६३ घरी गेले असते, तर आज प्रत्येकाविषयी 'कोणी विलायतेहून आणले असेल' असे म्हणता आले असते, आणि त्यास उत्तर नसते.

टायबेरियसच्या दिनाराबाबत तर ही शंका अधिकच. एका बाजूस सम्राटाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस हाती फांदी घेऊन बसलेली स्त्री, असे हे नाणे दक्षिणेत विपुल सापडते. परंतु बायबलातील कराच्या नाण्याच्या प्रसंगाशी त्याचा संबंध जोडला जात असल्याने पाश्चात्त्य देशांत त्यास मोठी मागणी असते आणि त्याच्या नकलाही तितक्याच होतात. असा दिनार 'बेंगळूरला सापडला' म्हणून कोणी दाखविला, तर कोठे, किती खोल, कशाबरोबर हे तीन प्रश्न भिंगाच्या आधी विचारावेत.

आपल्याकडील बाजाराविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. चिकपेट, ॲव्हेन्यू रोड किंवा कोणतीही जत्रा घ्या. तेथे 'पुरातन' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ वस्तू नाणी नसतातच. राम-सीता आणि हनुमानाच्या मुद्रा असलेले रामटंके देवस्थानांतील प्रसाद-टोकन होत. त्यांवरील सनांना काही अर्थ नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ चा सन आणि देवदेवतांची चित्रे असलेली 'अर्धा आणा' नाणी कंपनीने कधीच काढली नव्हती. त्यांच्यात तांदूळ ओढून घेण्याची शक्ती आहे असे भासवून माणसांना लक्षावधी रुपयांस बुडविण्याचे प्रकार कर्नाटकात व शेजारच्या राज्यांत पुनःपुन्हा उघडकीस आले आहेत. सुशिक्षित माणसेही त्यात सापडतात, हे विशेष. उलट अस्सल नाणे अज्ञानाने खोटे ठरण्याचा धोकाही तितकाच आहे. मराठ्यांच्या अंकुशी रुपयावर फारशीत मोगल बादशहाचे नाव असते; ते पाहून 'हा मराठ्यांचा नव्हे' असे म्हणणारे भेटतात. त्या काळी रुपया चालावयाचा तर बादशहाचे नाव हवेच, आपली ओळख अंकुशाच्या एवढ्याशा चिन्हाने द्यावयाची, अशी रीत होती. टिपू सुलतानाच्या रुपयांचेही असेच. सुमारे १७८७ पासून त्याने स्वतःचा मौलूदी सन सुरू केला आणि त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहविले. हे ज्यास ठाऊक नाही तो खऱ्या नाण्यावरील सन उलटा वाचून त्यास खोटे म्हणेल.

इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळणारे पुष्कळ आहेत. १९९२ साली सफोक परगण्यातील हॉक्स्ने येथे शेतात हरवलेला हातोडा शोधताना एकास रोमन काळाच्या अखेरचे सोने, चांदी आणि सुमारे १५ हजार नाणी असलेला साठा लागला. तो ओळखताच त्याने पुढचे खोदकाम थांबवून कळविले, आणि पुरातत्त्वज्ञांनी साठा पेटीच्या खुणांसकट उचलला. त्यातील चांदीच्या नाण्यांपैकी पुष्कळांच्या कडा कातरलेल्या होत्या, आणि कातरलेल्या चांदीचीच हुबेहूब नाणी पुन्हा पाडलेली होती. खरी, कातरलेली आणि बनावट अशी तिन्ही एकाच पेटीत! रोमचे राज्य ब्रिटनमधून उठत असता नवी नाणी येईनाशी झाली आणि लोकांनी आहे त्या चांदीवर कसे भागविले, हे त्यावरून कळले.

आपल्याकडे मात्र यंत्र घेऊन वाटेल तेथे खणता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवानगीवाचून उत्खनन करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. भूमिगत धनासाठी १८७८ चा केंद्रीय कायदा आहे आणि कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा १९६२ चा आहे. केंद्रीय कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. 'कळविले की सरकार फुकट नेते' या समजुतीने पुष्कळ साठे मुशीत गेले. परंतु त्या कायद्यातच, कोणी मालक पुढे न आल्यास आणि अन्य करार नसल्यास, सापडविणाऱ्यास तीन-चतुर्थांश व जमीनमालकास एक-चतुर्थांश वाटा सांगितला आहे. आणि सरकारला तो साठा हवा असेल तर धातूच्या मोलावर आणखी एक-पंचमांश देऊन तो घ्यावा अशी तरतूद आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारने केलेला हा कायदा आपण समजतो तितका कृपण नाही. अंमलबजावणीतील दिरंगाईविषयी मात्र तेच म्हणता येणार नाही.

नाणे घरीच वडिलार्जित असेल तर गोष्ट वेगळी. ते पाहून घ्यावयाचे असल्यास कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय संग्रहालयातील नाणी आधी नजरेखालून घालावीत. अस्सल झीज, अस्सल राप कसा असतो हे डोळ्यांना एकदा कळले की पुष्कळ काम होते. गावी जाणाऱ्यांनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेस भेट द्यावी. जोगळटेंभी तेथून फार दूर नाही. नाणे प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवावे, बोटांनी फक्त कडेस धरावे, उजळवू नये. आणि त्या पाकिटावर आजीने, आजोबांनी त्याविषयी जे सांगितले असेल ते, कोणत्या घरातून, कोणत्या गावाहून, कोणत्या डब्यातून आले ते, सांगणारे हयात आहेत तोवर, तारखेसह लिहून ठेवावे.